आरोग्यातली प्रादेशिक दरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘बालमृत्यू रोखण्यात महाराष्ट्र आघाडीवर’ आणि ‘मेळघाटात पुन्हा बालमृत्यू’ अशा दोन बातम्या कधीकधी एकाच आठवड्यात वाचायला मिळतात. दोन्ही खऱ्या असतात. त्या एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात, हा या पानावरच्या बहुतेक प्रश्नांचा गाभा आहे. वाचक, कार्यकर्ते आणि नव्याने निवडून आलेले ग्रामपंचायत सदस्य जे विचारतात, ते इथे एकत्र केले आहे.

प्रादेशिक विषमता म्हणजे नेमके काय? सगळीकडे आरोग्य सारखे असणार तरी कसे?

सारखे नसणारच. कोकणात भातशेतीच्या दिवसांत लेप्टो आढळतो, गडचिरोलीच्या जंगलात मलेरिया असतो, अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाण पट्ट्यात विहिरीचे पाणीच खारे. एवढ्यापुरता तो भूगोल झाला. विषमता म्हणायचे ते टाळता येण्याजोग्या फरकाला. मलेरियाचा डास जंगलात असणे हा भूगोल. तापाच्या रुग्णाची रक्ततपासणी त्याच दिवशी न होणे ही विषमता. औषध माहीत आहे, उपचार माहीत आहे, शेजारच्या जिल्ह्यात तो मिळतोही, आणि तरीही इथले मूल दगावते, तेव्हा दोष हवापाण्याला देता येत नाही.

देशात ही दरी किती मोठी आहे?

नमुना नोंदणी पद्धतीच्या २०२० च्या आकडेवारीनुसार देशात दर हजार जिवंत जन्मांमागे २८ बालके पहिल्या वाढदिवसाआधी दगावत होती. केरळात हा आकडा ६, मध्य प्रदेशात ४३, उत्तर प्रदेश आणि छत्तीसगडमध्ये ३८. एकाच देशात जन्मलेल्या दोन बाळांपैकी एकाला दुसऱ्याच्या सात पट धोका. मातामृत्यूंत फरक आणखी मोठा आहे. २०१८ ते २०२० या काळात लाख जिवंत जन्मांमागे केरळात १९ माता दगावल्या, आसामात १९५.

आयुर्मानाचेही तेच. २०१६-२० च्या तक्त्यांत केरळचे सरासरी आयुर्मान ७५ वर्षे, छत्तीसगडचे ६५.१. छत्तीसगडची हद्द गडचिरोली-गोंदियाला लागून आहे, त्यामुळे महाराष्ट्राने हा आकडा परका समजू नये.

पण महाराष्ट्र तर पुढारलेला आहे. आपल्याला काळजीचे कारण काय?

वरवर पाहिले तर काहीच नाही. त्याच मोजणीत महाराष्ट्राचा बालमृत्युदर १६ आणि मातामृत्यूंचे प्रमाण ३३, म्हणजे मातामृत्यूंत केरळनंतर दुसरा क्रमांक. पण पोषणाचे पान उलटा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी निघाली. देशाचा आकडा ३५.५. दरडोई उत्पन्नात देशाच्या बराच पुढे असलेले राज्य मुलांच्या वाढीत देशाच्या सरासरीला जेमतेम चिकटून आहे. रक्तक्षयाचे तर विचारूच नका: सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६८.९ टक्के मुलांचे हिमोग्लोबिन कमी.

मग राज्याच्या सरासरीतून जिल्ह्यांकडे वळले की चित्र फाटत जाते. नंदुरबारमध्ये निम्म्याहून जास्त मुले कमी वजनाची आहेत. नंदुरबारचीही सरासरीच, शहादा-तळोद्याची सपाटी आणि अक्राणी-अक्कलकुव्याचे डोंगर तिच्यात एकत्र मिसळलेले असतात. अमरावती जिल्ह्याच्या आकड्यात अमरावती शहर, वरूड-मोर्शीचा संत्र्याचा पट्टा आणि धारणी-चिखलदरा सारखेच दडून जातात. मेळघाट म्हणजे हे शेवटचे दोन तालुके. राज्याचा आकडा मुंबईतल्या बैठकीपुरता ठीक आहे. पाड्यावरचे मूल जगेल का, हे त्यावरून सांगता येत नाही.

हे आकडे येतात कुठून? माझ्या जिल्ह्याचा बालमृत्युदर कुठेच का सापडत नाही?

सापडत नाही, कारण तो विश्वासार्हपणे मोजलाच जात नाही. सगळ्या वादाची मेख इथे असल्यामुळे थोडे सविस्तर सांगतो.

बालमृत्युदराचा अधिकृत स्रोत म्हणजे भारताच्या महानिबंधकांची नमुना नोंदणी पद्धत. देशभरातली सुमारे ८,८०० गावे आणि शहरी वस्त्या निवडलेल्या असतात. तिथला एक स्थानिक नोंदणीदार वर्षभर जन्म-मृत्यू टिपतो, दर सहा महिन्यांनी दुसरा माणूस स्वतंत्रपणे घरोघर जाऊन तेच विचारतो, आणि दोन्ही याद्या ताडून पाहतात. पद्धत चोख आहे. पण नमुना राज्यापुरता बांधलेला, जिल्ह्याला पुरत नाही. कुटुंब आरोग्य पाहणी २०१५-१६ पासून जिल्हावार माहिती देते. तिच्या जिल्हा पत्रकात लसीकरण, वजन-उंची, बाळंतपणे कुठे झाली हे सगळे मिळते. बालमृत्युदर मात्र नसतो.

उरल्या आरोग्य खात्याच्या आणि अंगणवाडीच्या नोंदी. तिथे मेलेले मूल कागदावर येईपर्यंत त्याला बऱ्याच चाळण्या लागतात. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत. सासर अक्कलकुव्यात, माहेर सीमेपलीकडे गुजरातेत डेडियापाड्याकडे. मूल तिकडे दगावले तर कोणत्या आशाताईच्या वहीत उतरायचे? किंवा बाळ जन्मले, दोनदा रडले आणि तासाभरात गेले. नोंद होते ‘उपजत मृत’. जिवंत जन्मच नाही, तर बालमृत्यूही नाही. कारणाच्या रकान्यात ‘कमी वजन’, ‘न्यूमोनिया’, ‘दूध श्वासनलिकेत अडकले’ असे काहीही येईल, पण ‘कुपोषण’ सहसा येत नाही. तांत्रिकदृष्ट्या ते चूकही नसते, कारण कुपोषित मूल शेवटी मरते ते न्यूमोनियाने किंवा जुलाबानेच. फक्त त्या कारणामागचे कारण गळून जाते.

यात खालच्या कर्मचाऱ्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. मृत्यू नोंदवला की चौकशी, बैठकीत उभे करणे, नोटीस. नाही नोंदवला तर काहीच नाही. अशा व्यवस्थेत तुम्ही-आम्ही असतो तर काय केले असते?

एक इशारा उलट बाजूनेही. छोट्या तालुक्यात वर्षाला दोनेक हजार जन्म होत असतील तर दहा-वीस मृत्यू इकडेतिकडे झाले तरी दर उडी मारतो. त्यामुळे ‘यंदा बालमृत्यू निम्म्यावर’ ही घोषणा आणि ‘यंदा बालमृत्यू दुप्पट’ ही ओरड, दोन्ही तीन-चार वर्षांचे आकडे एकत्र पाहिल्याशिवाय मानू नयेत.

शेवटी हे गरिबीमुळेच ना?

काही अंशी. पण गरिबी हे पूर्ण उत्तर असते तर केरळचे कोडे सुटले नसते. १९७० च्या दशकात केरळचे दरडोई उत्पन्न देशाच्या सरासरीपेक्षा कमी होते, आणि तरीही बालमृत्यू व आयुर्मानात तो तेव्हाच पुढे होता. त्यामागे मुलींचे शिक्षण, खेड्यापर्यंत पोचलेले दवाखाने, जमीन सुधारणा आणि लोकांची सवय असे बरेच काही होते. सवय कसली? दवाखाना बंद दिसला की आवाज उठवण्याची. आपल्याकडे दवाखाना बंद दिसला की लोक मुकाट खासगी डॉक्टरकडे जातात, नाहीतर घरी परततात.

तमिळनाडूचा रस्ता वेगळा. तिथे १९३९ पासून सार्वजनिक आरोग्याचा कायदा आहे आणि साथरोग, पाणी, लसीकरण पाहणाऱ्या अधिकाऱ्यांची वेगळी शाखा आहे. जिल्हा आरोग्य अधिकारी म्हणून तिथे त्या कामात मुरलेला माणूस बसतो. औषधखरेदीसाठी १९९४ मध्ये स्वतंत्र महामंडळ निघाले आणि कोणत्या केंद्रात कोणते औषध किती उरले, याचा हिशेब लागायला लागला. कामे कंटाळवाणी आहेत, त्यांच्या उद्घाटनाच्या फिती कापता येत नाहीत. राज्यांतला फरक बहुतेक अशाच कामांनी पडतो, असे माझे मत आहे.

आदिवासी भागांतच परिस्थिती इतकी वाईट का?

देशात आदिवासींची संख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे १० कोटी ४० लाख होती. डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञ समितीने २०१८ मध्ये आदिवासी आरोग्याचा पहिला सर्वंकष राष्ट्रीय अहवाल दिला. निम्म्याहून जास्त आदिवासी वस्ती असलेले ८०९ तालुके तिने वेगळे दाखवले आणि नियोजन तिथून करा असे सुचवले. तोवर आदिवासींचे आरोग्य हे बहुतेक वेळा राज्याच्या सरासरीत विरघळलेले असे.

बाळंतीण दगावते तेव्हा साधारण तीन ठिकाणी उशीर झालेला असतो: दवाखान्यात न्यायचे हे ठरवायला, तिथे पोचायला, आणि पोचल्यावर उपचार सुरू व्हायला. सातपुड्यात हे तिन्ही उशीर एकावर एक चढतात. अक्राणीतल्या एखाद्या पाड्यावर रात्री कळा सुरू झाल्या तर आधी डोंगरउताराची पायवाट. बांबूला चादर बांधून झोळी करतात, दोघे पुढे, दोघे मागे, शिवाय खांदेपालटाला आणखी चारजण. १०८ ची गाडी डांबरी रस्त्यापर्यंतच येते, आणि फोनला रेंज मिळाली तर येते. नर्मदेकाठच्या गावांना सरदार सरोवराच्या पाण्याने वेढल्यापासून तिथे बोट हाच रस्ता, म्हणून तरंगता दवाखाना सुरू झाला. तिकडे भामरागडला पर्लकोटा नदीला पूर आला की तालुक्याचा बाकीच्या जिल्ह्याशी संपर्क तुटतो, दर पावसाळ्यात. सिरोंच्याहून गडचिरोलीचे जिल्हा रुग्णालय दोनशे किलोमीटरच्या आसपास.

यावर एक उपाय चांगला सुचला होता, ‘माहेरघर’. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारात खोली, गरोदर बाईने तारखेच्या काही दिवस आधीच येऊन राहायचे. कल्पना लाख मोलाची. पण घरी मागे दोन लहान मुले, शेळ्या आणि पेरणी असलेल्या बाईला आठवडाभर येऊन बसणे किती जड जाते, ते योजना लिहिणाऱ्यांनी विचारले असते तर बरे झाले असते. जिथे सोबत्याची आणि जेवणाची नीट सोय झाली, तिथे बाया येतात.

आणि स्थलांतर? ते वारंवार ऐकू येते.

कारण त्याशिवाय कुपोषण कळत नाही. दिवाळीनंतर मेळघाटातली, नंदुरबारची कुटुंबे कामाला बाहेर पडतात, वीटभट्ट्या, बांधकामे, गुजरातेतली शेते. होळीला परततात. या काळात मुलाचे नाव गावच्या अंगणवाडीत आणि मूल भलत्याच तालुक्यात. घरपोच आहार चुकतो, लसीचा डोस चुकतो. होळीनंतर अंगणवाडीताई दंडाला पट्टी लावते आणि ती ११.५ सेंटिमीटरच्या खाली, लाल रंगात येते. तीव्र कुपोषित म्हणून नोंद होते, ग्राम बाल विकास केंद्रात भरती होते, वजन थोडे चढते, पुढे पावसाळ्यात जुलाब आणि कामाची टंचाई, आणि दिवाळीनंतर पुन्हा गाडी भरते. ज्या वर्षी गावातच रोजगार हमीचे काम निघते आणि मजुरी वेळेवर हातात पडते, त्या वर्षी हे चक्र जरा थांबते. आरोग्य खात्याच्या हातात यातले फारसे काही नाही.

डॉक्टर आदिवासी भागात का जात नाहीत? बंधपत्र सक्तीचे करा, प्रश्न संपेल!

बंधपत्र आहेच. शासकीय महाविद्यालयातून शिकलेल्याने वर्षभर सेवा द्यायची, नाहीतर दंड भरायचा. वर्ष ढकलून माणूस निघून जातो, कारण त्याला तिथे राहण्यासारखे काही दिसत नाही.

पगार हे एकच कारण धरू नका. क्वार्टरचे छत गळते, मुलांना शाळा नाही, नवरा-बायको दोघे डॉक्टर असतील तर एकाची नेमणूक शंभर किलोमीटरवर. भूलतज्ज्ञ नसल्यामुळे सिझेरियन करता येत नाही, म्हणून ‘पुढे पाठवा’. रुग्ण वाटेत दगावला की जमाव आधी याच डॉक्टरवर येतो. दोन वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या जागांपैकी एक रिकामी असली की उरलेला एक चोवीस तास कामावर, शिवाय बैठका, शवविच्छेदन आणि मंत्र्यांचा दौरा. आदिवासी भागात खरा गाडा ओढतात ते मानसेवी तत्त्वावरचे भरारी पथकाचे डॉक्टर, बहुतेक बीएएमएस, आणि त्यांचे मानधन तरी वेळेवर व्हावे ही मागणी जुनीच आहे.

राहणारेही आहेत. गडचिरोलीत हेमलकशाला १९७३ पासून लोकबिरादरी प्रकल्प आहे, मेळघाटात बैरागडला डॉ. रवींद्र आणि स्मिता कोल्हे यांनी हयात घातली. त्यांच्याबद्दल आदर आहेच. पण ध्येयवेड्या माणसांच्या भरवशावर सरकारी आरोग्यसेवा चालवायची नसते. ती साध्या, संसारी, बदली मागणाऱ्या माणसाला धरून उभी राहिली पाहिजे. नंदुरबारला २०२० मध्ये आणि नंतर गडचिरोलीलाही वैद्यकीय महाविद्यालय मंजूर झाले, ते यासाठी महत्त्वाचे. तिथलीच पोरे तिथे डॉक्टर झाली तर टिकण्याची शक्यता जास्त. फळ दिसायला दहा-पंधरा वर्षे लागतील.

लोक भगताकडे जातात, अंधश्रद्धा आहे. मग सरकार तरी काय करणार?

मेळघाटात पोट फुगलेल्या बाळाला तापलेल्या सळईचे चटके देतात, त्याला डंबा म्हणतात. ते वाईटच, त्याचे समर्थन कोणी करू नये. पण रात्री दोनला मूल तापाने फणफणते तेव्हा भूमका, म्हणजे तिथला भगत, दारात असतो, ओळखीचा असतो, त्यांच्याच कोरकू भाषेत बोलतो आणि पैसे नंतर घेतो. उपकेंद्राला त्या वेळी कुलूप असते. लोकांनी तुलना करून निवड केलेली असते. जिथे आशाताई घरी येऊन बाळ पाहायला लागल्या, तिथे पालक बोलावणे आधी त्यांना धाडू लागले. भूमकांनाच सोबत घेऊन आजारी मूल दवाखान्यात पाठवायला लावण्याचे प्रयोगही मेळघाटात झालेत.

विदर्भ-मराठवाड्याच्या ‘अनुशेषा’त आरोग्य येते का?

येते, पण विचित्र रीतीने. १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भ-मराठवाड्याला समान वाट्याचे आश्वासन दिले होते. प्रत्यक्षात किती मिळाले हे मोजायला वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती बसली आणि १९८४ मध्ये अहवाल आला. प्रत्येक जिल्हा राज्याच्या सरासरीपेक्षा किती मागे, ते क्षेत्रवार काढून तिने एकूण ३,१८६ कोटी रुपयांचा अनुशेष दाखवला. सार्वजनिक आरोग्य त्यातले एक क्षेत्र. पुढे राज्यघटनेच्या कलम ३७१(२) खाली १९९४ मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी वैधानिक विकास मंडळे झाली. ३० एप्रिल २०२० ला त्यांची मुदत संपली. मधल्या काळात विजय केळकर समितीचाही अहवाल २०१३ मध्ये येऊन गेला.

या सगळ्यात माझी तक्रार अशी की अनुशेष मोजला तो इमारती, खाटा आणि रुपयांत. खाटेवर रुग्णाला उपचार मिळाला का, हे अनुशेषाच्या भाषेत बसत नाही. जिल्हा हे एकक धरल्यामुळे ठाणे-पालघरच्या जव्हार-मोखाड्यासारखे तालुके ‘उर्वरित महाराष्ट्रा’च्या श्रीमंतीत झाकले गेले, ते वेगळेच. आणि गाठायची पातळी कुठली, तर राज्याची सरासरी! सरासरीवर पोचणे हेच ध्येय ठरले की त्यापुढचे कोणी विचारत नाही.

मराठवाड्याचा आरोग्याचा प्रश्न वेगळा आहे का?

बराच. तिथे जंगल नाही, दुर्गमता बेताची, पण दुष्काळ आणि ऊसतोड आहे. बीड हे त्याचे ठळक उदाहरण. मुकादमाकडून उचल घेऊन नवरा-बायकोचा ‘कोयता’ ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातो आणि गाळप संपल्यावर परततो. फडावर संडास नाही, पाणी नाही, मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढायचे. पाळीचा त्रास झाला म्हणून दिवस बुडाला तर ‘खाडा’, म्हणजे मजुरी तर जातेच, वर दंड उचलीत चढतो.

अंगावरून पांढरे जाते, कंबर दुखते, म्हणून बाई खासगी दवाखान्यात जाते आणि तिला सांगतात, पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. २०१९ मध्ये हा प्रकार गाजल्यावर डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे दर सहांत एक. २०१५-१६ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटात देशभरातले प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास होते. मोळी उचलणाऱ्या तिशी-पस्तिशीतल्या बाईची हाडे अकाली झिजू लागली की पुढे तिचे काय, हा प्रश्न कोणाच्याच खात्यात नीट बसत नाही. कामगार खाते म्हणते आरोग्याचा, आरोग्य खाते म्हणते कामगारांचा.

मग श्रीमंत जिल्हे तरी निरोगी आहेत ना?

इथे गणित उलटते. २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे गडचिरोलीत ९६१ मुली होत्या, राज्यात ८९४. बीड ८०७ वर घसरलेले होतेच, पण सधन कोल्हापूर-सांगलीही राज्याच्या सरासरीखाली होते. सोनोग्राफी यंत्र आणि ते वापरण्याचे पैसे दोन्ही हाताशी असण्याचा हा परिणाम.

मधुमेहाचेही तसेच. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात देशात सर्वाधिक प्रमाण गोव्यात निघाले, २६.४ टक्के प्रौढ. उत्तर प्रदेशात ४.८. बालमृत्यू देशात अगदी कमी असलेल्या राज्यांत गोवा आहे. म्हणजे मूल जगते, वाढते, आणि चाळिशीत साखर, रक्तदाब, मूत्रपिंड. शिवाय मागास भाग यातून सुटलेले नाहीत. गडचिरोलीच्या गावांतही आता रक्तदाब आणि पक्षाघात आहे, मलेरिया गेलेला नसतानाच. दुहेरी ओझे म्हणतात ते हेच, आणि ते वाहायला तिथे डॉक्टर एकच.

शहरांत ही दरी नसते?

मुंबईत चाळीस टक्क्यांहून जास्त लोक झोपडपट्टीत राहतात. देवनारच्या कचराभूमीशेजारच्या गोवंडी-शिवाजीनगरात क्षयरोगाचे रुग्ण आणि कुपोषित मुले आहेत, आणि देशातली नामांकित रुग्णालये तिथून टॅक्सीच्या अंतरावर. अंतर किलोमीटरमध्येच असते असे नाही. वॉर्डनिहाय आकडे मागा, शहराचे नकोत.

आयुष्मान, जीवनदायी अशी विमा कार्डे आली. त्याने फरक पडला नाही का?

ज्यांच्या जवळ मोठे रुग्णालय आहे त्यांना पडला. हृदयाची शस्त्रक्रिया, डायलिसिस यांसाठी अनेकांची जमीन विकायची वाचली, हे नाकारू नये. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राज्याची योजना आज महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. पण योजनेतली रुग्णालये शहरांत गोळा झालेली, तेव्हा कार्डावरचा पैसाही तिकडेच वाहतो. अक्राणीतल्या बाईच्या हातात कार्ड आहे आणि ते वापरायला नाशिक गाठायचे आहे. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? शिवाय बाळाचा न्यूमोनिया, बाळंतपणातला रक्तस्राव, सर्पदंश यांत तासाभरात निर्णय लागतो. तिथे विमा कामी येत नाही, उपकेंद्र येते.

कशाने खरोखर फरक पडला, अशी उदाहरणे आहेत का?

आहेत, आणि त्यातली दोन तर महाराष्ट्रातलीच.

जामखेडला १९७० मध्ये रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी गावातल्याच बायांना, बऱ्याचशा दलित आणि निरक्षर, आरोग्य कार्यकर्त्या केले. गरोदर बाईची तपासणी, जुलाबाला साखर-मीठ-पाणी, स्वच्छ बाळंतपण ही कामे त्या करू लागल्या. १९७८ च्या आल्मा-आटा परिषदेत प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा निघाला, त्यामागे ज्या प्रयोगांची प्रेरणा होती त्यांत जामखेडचे नाव घेतले जाते.

दुसरे उदाहरण गडचिरोलीचे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९९० च्या दशकात ३९ गावांत प्रयोग केला. नवजात बाळे बहुतेक घरीच जन्मत आणि घरीच मरत, तर उपचारच घरी न्यावा, ही साधी कल्पना. गावातल्या थोड्या शिकलेल्या बाईला वजन करणे, अंगाचे तापमान पाहणे, श्वास मोजणे, गुदमरलेल्या बाळाला हवेची पिशवी लावणे आणि जंतुसंसर्ग ओळखून प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे शिकवले. तेव्हा अनेक डॉक्टरांना हे धाडसाचे वाटले होते. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले: प्रयोग नसलेल्या गावांच्या तुलनेत नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. २०११ पासून आशांनी बाळंतपणानंतर घरभेटी देणे हा देशभरचा कार्यक्रम झाला. मात्र राष्ट्रीय कार्यक्रमात इंजेक्शनचा भाग गळला आणि देखरेख विरळ झाली. मूळ प्रयोगाचे निकाल देशभर तसेच दिसत नाहीत, याचे नवल वाटायला नको.

या दोन्हींत एक गोष्ट सारखी आहे, बाई त्याच गावातली होती. पावसाळ्यात तिला पूर ओलांडावा लागत नव्हता.

माझ्या तालुक्याची स्थिती मला पाहायची आहे. सुरुवात कुठून करू?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे तुमच्या जिल्ह्याचे पत्रक संकेतस्थळावर मोफत मिळते. ते काढा आणि शेजारच्या जिल्ह्याच्या पत्रकाशेजारी ठेवून वाचा. मग प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. निकष असा: मैदानी भागात ३०,००० लोकसंख्येला एक केंद्र, डोंगरी-आदिवासी भागात २०,००० ला, उपकेंद्र अनुक्रमे ५,००० आणि ३,००० ला. तुमच्याकडची लोकसंख्या किती हे विचारताना कोणत्या वर्षाची हेही विचारा, कारण २०२१ ची जनगणना पुढे ढकलली गेली आणि नियोजनात अजून २०११ चे आकडे वापरले जातात.

मंजूर पदे किती आणि भरलेली किती, हे माहितीच्या अधिकारात लेखी मागा. तोंडी उत्तरात ‘प्रभारी’ आणि ‘अतिरिक्त कार्यभार’ हे शब्द आले तर पद रिकामे आहे असे समजा. औषधांच्या साठ्याची नोंदवही पाहायला मागा. सर्पदंशावरचे प्रतिविष आणि बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवणारे इंजेक्शन गेल्या वर्षभरात किती दिवस शून्यावर होते ते बघा. राज्यात औषधखरेदी २०१७ मध्ये हाफकिन या सरकारी महामंडळाकडे गेली आणि २०२३ मध्ये त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा झाला, त्यामुळे ‘वरूनच येत नाही’ हे उत्तर मिळेल. वर म्हणजे कोण आणि मागणी कोणत्या तारखेला पाठवली, हे त्यावर विचारायचे.

गावात आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते. तिच्या खात्यावर दरवर्षी अबंधित, म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेला, निधी येतो आणि तो कशावर खर्च झाला ते ग्रामसभेत विचारता येते. महाराष्ट्रात २००७ पासून काही जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख झाली. गावकऱ्यांनीच केंद्राला गुण द्यायचे आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांपुढे मांडायचे. बऱ्याच ठिकाणी बंद उपकेंद्रे त्यामुळे उघडली. तुमच्या तालुक्यात ती झाली असेल तर जुने गुणपत्रक कुठल्यातरी स्थानिक संस्थेकडे असेल, ते मिळवा.

आणि गेल्या वर्षभरातल्या प्रत्येक माता आणि बालमृत्यूचे अन्वेषण झाले का, हे तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना विचारा. मृत महिलेचे नाव मागू नका, घरच्यांना त्रास होतो. गाव ते शेवटचे रुग्णालय या प्रवासात किती तास गेले आणि मधे किती ठिकाणी ‘पुढे न्या’ म्हणून सांगितले, एवढे मागा.